तिसरी मूठ

१

इस्पितळाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या मोठ्या यंत्रांना लागून रफूची खोली होती. तिथे तीन बायका दिवसभर फाटकं शिवत बसायच्या. सगळ्यांत वडील त्या मोठ्या मावशी. पस्तीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेल्या, आणि त्या खुर्चीत दुसरं कुणी टेकलेलंही त्यांना खपत नसे. दुसरी चष्मेवाली, तिचं तोंड हातापेक्षा जलद चालायचं. आणि तिसरी मुंगी. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ते घ्यायचं कुणाच्या मनातही येत नसे. तिची आई याच खोलीत रफू करायची, आणि शाळा सुटली की ही पोरगी टेबलाखाली बटणांच्या डब्यांशी गुपचूप खेळत बसायची. तेव्हापासून ती मुंगी. आता मुंगीला आठवा महिना सरत आला होता आणि टेबलापर्यंत हात पोचवायला तिला खुर्ची तिरकी करावी लागत होती.

प्रसूतिगृहाच्या चादरी तिच्या वाट्याला असायच्या. धुऊन धुऊन कापड पार विरलेलं. कळ आली की बाई दोन्ही हातांनी चादर आवळते, आणि जिथे आवळते तिथे ती फाटते. डावीकडे एक भोक, उजवीकडे एक. खोलीत सगळ्या त्याला 'मूठ' म्हणायच्या. "आज किती मुठी झाल्या गं?" असं एकमेकींना विचारायच्या.

सुई ओवण्याआधी मुंगी त्या भोकांवर आपल्या मुठी ठेवून बघायची. ही वाईट खोड तिला आठव्या महिन्यातच लागली होती. ही बाई उंच असणार, हात किती लांब गेलेत. हिनं फार नाही ओढलं, लवकर सुटली. आणि हिनं... हिनं तर कापडाच्या चिंध्या केल्यात. मग ती मुठी काढून घ्यायची.

"अगं, दात काढल्यासारखं असतं," चष्मेवाली समजूत घालायची. "एकदा निघाला की संपलं."

"तुझे दात नऊ महिने पोटात असतात वाटतं?" मोठ्या मावशी कापडावरून नजर वर करून म्हणायच्या, आणि मुंगीला हसू यायचं. पण ते हसू काही घरापर्यंत टिकायचं नाही.

२

त्याच महिन्यात मोठ्या मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या पंधरा दिवस घरी बसल्या. त्यांचं काम दोघींनी वाटून घेतलं. प्रसूतिगृहात पाच खोल्या होत्या. प्रत्येक खोलीचं गाठोडं वेगळं, त्यावर नंबराची पट्टी. चार नंबरचं गाठोडं मावशी कायम स्वतःकडे ठेवत. का, ते कुणी विचारलं नव्हतं. मावशींना विचारायची हिंमत कोण करणार! आता ते मुंगीकडे आलं.

पहिल्याच चादरीची डावी मूठ भरली, उजवी भरली. घडी घालण्याआधी तिनं चादर सवयीनं दिव्यापुढे धरली, आणि खाली अजून एक उजेडाचा ठिपका दिसला. तिसरी मूठ.

ती भलत्याच जागी होती. उजव्या बाजूला, पलंगाच्या कडेवरून खाली लोंबतो त्या भागात. पलंगावर निजलेल्या बाईचा हात तिथवर पोचणं शक्यच नाही. शिवाय धागे ताणले गेले होते ते खालच्या बाजूला. कुणीतरी जमिनीवर बसून, कडेची चादर धरून, स्वतःकडे ओढावी तसे.

ढकलगाडीच्या चाकात अडकली असेल, मुंगीनं स्वतःला सांगितलं. पलंगाला खटके असतात, त्यात ओढली असेल. हे अगदी पटण्यासारखं होतं. तिनं भोक भरलं आणि दुसरी चादर घेतली. तिलाही तिसरी मूठ होती. त्याच जागी. आठवडाभरात चार नंबरच्या नऊ चादरी आल्या, आणि नऊच्या नऊ चादरींना तीन-तीन मुठी.

शुक्रवारी तिला राहवलं नाही. तिनं त्या तिसऱ्या भोकावर आपली मूठ ठेवली. अंगठ्याच्या जागी कापड ताणलेलं. मधलं बोट, त्याच्या शेजारचं, करंगळी, सगळ्यांच्या जागी ताणलेलं. अंगठ्याजवळच्या बोटाखाली मात्र कापड साफ होतं, सुरकुतीसुद्धा नाही. ते बोट त्या मुठीत मिटलेलंच नव्हतं.

मुंगीनं हात झटकन मागे घेतला.

"सुई टोचली का गं?" चष्मेवालीनं विचारलं.

"हो," मुंगी म्हणाली. सुई अजून ओवलेलीही नव्हती.

३

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या बोळात वायरी चाचपून आला की घरी दिवे लावून बसायचा आणि बडबडायचा. त्या संध्याकाळी दोघं जमिनीवर पाठीला पाठ लावून बसले होते. नर्सनं शिकवलेला श्वास चालू होता. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर.

"तू पाचवरच सोडतेस," तो म्हणाला. "आमच्या कामात अशी घाई केली तर लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे लटकते."

ती हसली नाही. तेव्हा तो वळला. "काय झालं मुंगे? खरं सांग."

मग तिनं सांगितलं. आधी चादरींचं नाही. आधी ते, जे तिनं लग्नाला चार वर्षं झाली तरी धड सांगितलं नव्हतं. आई गेली हे त्याला माहीत होतं. कशी गेली ते माहीत नव्हतं.

"मी नऊ वर्षांची होते. आईला आपल्याच इस्पितळात नेलं. मला बाकावर बसवलं, दाराबाहेर. सकाळी नऊला बसवलं ते संध्याकाळपर्यंत. ती ओरडत होती. माझं नाव घेऊन नाही, नुसतीच. माणसाचा आवाज असा असू शकतो हे मला माहीतच नव्हतं रे. मग मी कान बंद केले. दोन्ही हातांनी, इतके घट्ट, की कानाखाली नखं लागून रक्त आलं. आणि हात काढले तेव्हा आत सगळं शांत होतं. मला वाटलं, सुटली. सुटली म्हणजे बाळ झालं."

त्यानं फक्त तिचा हात हातात घेतला.

"बाळही नाही राहिलं," ती म्हणाली. "मला कळांची भीती वाटते ती दुखेल म्हणून नाही. म्हणजे तीही वाटतेच. पण मी ओरडायला लागले, की मला तीच ऐकू येईल. एकोणीस वर्षं मी कानावरचे हात काढलेले नाहीत."

नंतर पाणी प्यायल्यावर तिनं चादरींचं सांगितलं. तो चाकांचं, खटक्यांचं, वायरींचं सगळं बोलून पाहू लागला. त्याचा धंदाच होता तो. ती ऐकत राहिली.

"आईचं हे बोट," तिनं अंगठ्याजवळचं बोट दाखवलं, "यंत्राच्या सुईखाली आलं होतं. पुढे ते कधी वाकलंच नाही. ती मूठ मिटायची तरी हे आपलं सरळच."

"तू दोन नंबरची खोली माग," तो म्हणाला. "एक, दोन, तीन, काहीही. चार नको. मला वचन दे."

तिनं वचन दिलं.

४

चादरींची गाठोडी खाली आणायचं काम आयाबाईंचं होतं. जाडजूड, गुडघ्यांनी हैराण, आणि प्रसूतिगृहातली प्रत्येक बातमी सोबत घेऊन येणाऱ्या. सोमवारी चष्मेवाली चहाला गेल्याचं बघून मुंगीनं त्यांना खुर्ची दिली.

"आयाबाई, चार नंबरमध्ये बाईजवळ कोण असतं?"

"नर्स असते, मी असते. डॉक्टर येऊन-जाऊन."

"उजव्या बाजूला? खाली?"

आयाबाई गुडघे चोळायच्या थांबल्या. "खाली कोण बसेल बाई? तिथं पाय ठेवायला जागा नाही." मग त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "तुझे दिवस भरत आलेत, तुला सांगू नये. पण आता विचारलंसच. चार नंबरमधली बाई सुटली की शुद्धीवर येऊन एकच गोष्ट विचारते. सगळ्या विचारतात. शिकलेल्या, अडाणी, पहिलटकरीण, चौथ्या खेपेची, सगळ्या."

"काय विचारतात?"

"ती बाई कशी आहे? म्हणून विचारतात. मी पहिल्या-पहिल्यांदा म्हणायचे, कोण बाई? तर म्हणतात, ती खाली होती ती, बिचारीला माझ्याहून फार होत होतं. सुटली का ती?"

यंत्रांच्या खोलीत पाणी उपसल्याचा आवाज येत होता.

"मग तुम्ही काय सांगता?"

"सांगते, बरी आहे. दुसरं काय सांगणार! ओल्या बाळंतिणीशी वाद घालायचा का?" आयाबाई उठल्या. "कुणाचं वाईट मात्र झालेलं नाही हो तिथं. माझ्यासमोर तरी एकही दगावली नाही. औषधानं भास होतात, असं डॉक्टर म्हणतात. असेल बाई. औषध तर पाचही खोल्यांत तेच देतात."

५

मोठ्या मावशी परत आल्या त्या काळा चष्मा लावून. आल्या-आल्या त्यांनी चार नंबरचं गाठोडं कुठं आहे ते विचारलं, आणि मुंगीच्या टेबलावर बघितल्यावर मटकन खुर्चीत बसल्या.

"तुला कळलं तर," त्या म्हणाल्या.

"मावशी, माझी आई चार नंबरमध्ये होती?"

मावशींनी होकारार्थी मान हलवली. मग कमरेची किल्ली काढून त्यांनी भिंतीतलं कपाट उघडलं. तागे, दोऱ्यांची रिळं, आणि सगळ्यांत खाली कागदात गुंडाळलेली एक चादर. ती त्यांनी मुंगीपुढे उलगडली. कापड पिवळं पडलं होतं. मधोमध एक रफू, इतकं बारीक, की बोट फिरवूनच कळावं. पण ते अर्ध्यावर थांबलेलं होतं. तिथे एक गंजलेली सुई खोचलेली, आणि सुईतून लांबलचक दोरा लोंबत होता.

या खोलीचा एक नियम होता आणि तो कुठल्या कागदावर नव्हता. काम अर्धं टाकून उठायचं असेल तर सुई कापडात खोचायची, दोरा लांब सोडायचा. दोरा तोडला म्हणजे काम संपलं. सुई खोचलेली असेल तोवर त्या कापडाला दुसरीनं हात लावायचा नाही.

"तिला कळा सुरू झाल्या त्या इथेच, या टेबलाशी," मावशी म्हणाल्या. "आम्ही तिला उठवलं. मी म्हटलं, आण, दोरा तोडते. तर म्हणाली, नको, तोडू नका, येऊन संपवते. हसली सुद्धा. मग मी नाही तोडला. कसा तोडू? एकोणीस वर्षं कपाटात ठेवलाय." त्यांनी काळ्या चष्म्याखालून डोळे टिपले. "आणि त्याच आठवड्यापासून तिसरी मूठ यायला लागली. मला कळायला उशीर नाही लागला. बोट बघूनच कळलं. वाटलं, लेकीला दिसायला नको. म्हणून ते गाठोडं मी कुणाला देत नव्हते."

मुंगीनं त्या दोऱ्याला हात लावला नाही. तिच्या मनात एकच गोष्ट आली आणि ती तिथून हलेना. आई अजून सुटलेलीच नाही. ती कुणाला धीर द्यायला तिथे बसत नाही, कुणाचं वाईट करायलाही नाही. तिच्या कळाच संपल्या नाहीत. इतक्या बायका आल्या, बाळं घेऊन घरी गेल्या, आणि ही पलंगाची कड धरून खाली तशीच.

६

मंगळवारी दुपारी दोन वाजता मुंगीनं सुई कापडात खोचली, दोरा लांब सोडला आणि म्हणाली, "मावशी, मला वर न्या."

नवरा धावत आला. हाताला ग्रीस तसंच. प्रसूतिगृहाच्या दारात नर्सनं विचारलं, "दोन आणि चार, दोन्ही खोल्या रिकाम्या आहेत. कुठं नेऊ?"

"दोन," नवरा म्हणाला.

"चार," मुंगी म्हणाली.

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की तिला त्याची दया आली. "मुंगे, तू वचन दिलं होतंस."

"हो. दिलं होतं. तू बाहेर बाकावर बस. आणि हे बघ, मी कितीही ओरडले ना, तरी कान बंद करू नकोस."

खोली लहान होती. पांढऱ्या फरशा, एक उंच खिडकी, तिच्यातून दुपारचं ऊन भिंतीवर पडलेलं. पलंगाच्या उजवीकडे भिंत इतकी जवळ, की मधे हातभर जागा. मुंगीनं आधी तिथेच पाहिलं. काही नव्हतं.

पहिले दोन तास ती श्वास मोजत राहिली. चार आत, सहा बाहेर. दुखत होतं, फार दुखत होतं, पण मोजता येत होतं. मग ऊन भिंतीवरून खाली उतरलं, आणि मोजणं तुटायला लागलं. तीनवर, दोनवर. मधेच तिच्या लक्षात आलं, की खोलीत आणखी एक श्वास चाललाय. नर्सचा असेल म्हणून तिनं मान वळवली. नर्स खिडकीशी कागद भरत होती. आयाबाई पायाशी होत्या. श्वास उजवीकडून येत होता, खालून. तुटक, धापा टाकल्यासारखा. त्या बाईला श्वास कसा घ्यायचा हे कुणी शिकवलेलंच नव्हतं.

तेवढ्यात उजवीकडची चादर ताणली गेली.

मुंगीचे दोन्ही हात मुठीत होते. तिला ते ओळखीचं हातांचं वळवळणं जाणवलं. हात कानांकडे जाऊ पाहत होते. पुढची कळ वर चढत होती, आणि तिच्यासोबत खालून तो आवाज येत होता. बाकावर बसून ऐकलेला. तोच. ती जोरात ओरडली, आणि आपला आवाज कुठला आणि तो कुठला हे तिला कळेना.

"उजवा हात कुठं नेतेस? वर घे," आयाबाई म्हणाल्या.

मुंगीनं उजवी मूठ उघडली आणि हात पलंगाखाली सोडला.

तिला दिसली ती फक्त चादरीची कड, तीन सुरकुत्या पडलेली, आणि कापडावर सरळ टेकलेलं एक बोट. मग तेही नाही दिसलं, कारण तो हात तिच्या हातात आला. गार नव्हता. घामेजलेला, गरम, आणि अंगठ्याचं टोक सुया टोचून टोचून खरखरीत झालेलं. त्यानं तिला असं आवळलं, की तिच्या बोटांची हाडं एकमेकांवर घासली.

"आई," ती म्हणाली. "मी ऐकतेय. आता ऐकतेय मी. चार मोज. माझ्याबरोबर. एक..."

"हो, मोज, छान मोजतेस," नर्स म्हणाली.

किती वेळ गेला ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. भिंतीवरचं ऊन गेलं होतं आणि दिवा लागला होता. शेवटी तिच्या अंगातून काहीतरी सुटलं, आणि रडणं ऐकू आलं. खणखणीत. त्याच क्षणी उजवीकडून दुसरं रडणं आलं. बारीक, दुरून आल्यासारखं, पण रडणंच.

"दोन?" मुंगीनं विचारलं.

"दोन कुठली, एकच आहे! मुलगी," नर्स हसली. "घे. दोन्ही हात पुढे कर."

उजवा हात अजून खालीच होता. मुंगीला तो सोडायचा नव्हता. पण पोर पुढे आली होती, ओली, रडत, आणि एका हातानं तिला घेता येईना. त्या वेळी खालची बोटं आपणहून सैल झाली. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं. खरखरीत अंगठा तिच्या मनगटावर क्षणभर राहिला, आणि मग तोही नव्हता.

तिनं लेकीला छातीशी घेतलं. भानावर आल्यावर तिनं पहिल्यांदा आयाबाईंनाच हाक मारली.

"ती बाई कशी आहे?"

आयाबाईंनी हे इतक्यांदा ऐकलं होतं, आणि उत्तर तर तोंडपाठ होतं. पण या वेळी त्या पलंगाच्या उजवीकडे बघत राहिल्या.

७

तीन महिन्यांनी मुंगी कामावर आली. लेकीला टोपलीत घालून टेबलाखाली ठेवलं. उजव्या मनगटावरचा अंगठ्याएवढा काळा डाग एव्हाना पुसट झाला होता.

मोठ्या मावशींनी कपाटाची किल्ली तिच्यापुढे ठेवली. तिनं सगळ्यांत खालचा कागद उघडला. चादर तशीच, पिवळी. पण रफू पूर्ण झालेलं होतं, शेवटच्या धाग्यापर्यंत, त्याच बारीक हातानं. सुई नव्हती. दोरा कापडालगत तोडलेला होता.

"मी नाही," मावशी म्हणाल्या. "शपथ घेते. किल्ली माझ्या कमरेला असते."

"मला माहीत आहे," मुंगी म्हणाली. तिनं त्या जागेवरून बोट फिरवलं. वेडीसारखी ती कुठं एखादं टोक लोंबतंय का ते शोधत होती. दोरा तुटलेला बघून तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण एकोणीस वर्षं आई निदान कुठेतरी होती, एका खोलीत, पलंगाच्या एका कडेला. आता तीही जागा रिकामी झाली होती. मुंगीनं तोंडाला चादर लावली आणि नवव्या वर्षी जे रडायचं राहिलं होतं ते रडली.

दहा वाजता आयाबाई गुडघे सांभाळत गाठोडी घेऊन आल्या. मुंगीनं चार नंबरची पट्टी सोडली आणि वरची चादर दिव्यापुढे धरली. डावीकडे एक मूठ. उजवीकडे एक. ती खालच्या कडेवरून नजर फिरवत राहिली, पुन्हा पुन्हा. तिथलं कापड शाबूत होतं.

"काल चार नंबरला एक सुटली ना?" तिनं विचारलं. "काही विचारलं तिनं?"

"बाळाचं वजन विचारलं. नवरा आलाय का म्हणाली."

"अजून कुणाबद्दल?"

"नाही गं," आयाबाई हळूच म्हणाल्या. "आता कुणीच नाही विचारत."

टेबलाखाली लेक कुरकुरली. मुंगीनं पायानं टोपली हलवली, सुईत दोरा ओवला आणि डावी मूठ भरायला घेतली.